जेवत्या आबांचं चित्र

माझ्या हातून आजवर एकच माणूस मेला, आणि तोही त्याच दिवशी दुपारी जेवायला हजर होता.

मी चित्रकार आहे. हिंगोलीत हे सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि विचारतो, "ते बराबर हाय, पण काम काय करता?" म्हणून आधी कामाचंच सांगते. तीस वर्षं मी शाळेच्या गाईडांसाठी चित्रं काढली. बेडकाची पचनसंस्था, फुलाचा उभा छेद, बेरजेसाठी आंबे आणि वजाबाकीसाठी फुगे. आंबा आणि फुगा यांत देठाचाच काय तो फरक, त्यामुळे घाईच्या दिवसांत मी पोरांकडून आंबे फोडून घेतले आहेत आणि फुगे खायला लावले आहेत. कुणाची तक्रार आली नाही. गाईडातलं चित्र कुणी बघत नसतं, हे त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख आणि सगळ्यात मोठं दुःख.

मग भाचीने मला फोनवर खातं काढून दिलं आणि म्हणाली, "मावशी, आता तुझ्या मनातलं काढ आणि इथे टाक." पन्नाशी उलटल्यावर मनातलं काढायचं म्हणजे अवघडच. पण जमलं. स्वतःची चित्रं टाकू लागले, जुन्या गोधड्यांच्या चिंध्यांच्या चौकटी शिवू लागले, लाकडी उलथन्यांवर चेहरे रंगवू लागले. उलथनं विकत घेऊन भिंतीला टांगणारी माणसं जगात आहेत, हे मला तेव्हा कळलं. माझ्या आईने माझ्यावर उलथनं फेकलं होतं, टांगलं कधी नव्हतं.

लोकांना मात्र हवं असतं ते आपल्या लाडक्याचं चित्र. भाची त्याला फॅन आर्ट म्हणते. एसटी डेपोजवळच्या एका मोबाईल दुकानदाराला त्याच्या आवडत्या हिरोसोबत स्वतःचं चित्र हवं होतं. हिरोचा हात याच्या खांद्यावर. दिलं काढून. चार दिवसांनी आला. म्हणे, "मॅडम, त्याचा हात काढा अन् माझा ठेवा. गावात दिसायला बरं दिसत न्हाई." हात बदलले. मग त्याची बायको आली, "मी काहून न्हाई यात?" तिला मधे बसवली. मग सासूबाई. शेवटच्या चित्रात सगळं कुटुंब सोफ्यावर होतं आणि हिरो बिचारा मागे मोटरसायकल पुसत उभा होता. दुकानदार खूश. ते चित्र अजून दुकानात आहे आणि तो माणूस कोण, असं विचारणाऱ्याला तो सांगतो, "वळखीचा हाय."

बैलांच्या चित्रांनाही मोठी मागणी. लग्नाच्या चित्रात नवरी नवरीसारखी दिसली नाही तरी चालतं, उलट बरं म्हणतात. पण बैलाचं डावं शिंग नखभर आत गेलं तर मालक चित्र उलटं ठेवून निघून जातो.

हाताने रंग बनवायची खोड मला कुरुंद्याने लावली. माझं माहेर तिथलं, आणि सगळा भाग हळदीचा. मी पिवळ्यासाठी हळदच वापरते. हा रंग गुणी आहे, पण त्याला दोन खोडी आहेत. उन्हात ठेवला की वर्षा-दोन वर्षांत उडून जातो, आणि चुना लागला की लाल होतो. एका साहेबांनी आपल्या मुलीचं चित्र न्यायला आल्यावर कौतुकाने तिच्या पिवळ्या फ्रॉकवर अंगठा ठेवला. तंबाखू मळून नुकतेच आले होते. फ्रॉकवर लालभडक अंगठा उमटला. मला म्हणाले, रंग खोटा आहे. मी कागदावर हळद फासून दिली आणि म्हटलं, पुन्हा ठेवा. साहेब अर्धा तास माझ्या टेबलाशी बसून ठसे उमटवत होते. जाताना मुलीचं चित्र विसरले, ठसे घेऊन गेले.

ही हळद मला द्यायचे केशवआबा. आता त्यांच्याबद्दल.

शेतातून काढलेली हळद आधी मोठ्या काहिलीत शिजवतात, मग वाळवतात. कमी शिजली तर आतून कच्ची राहते, जास्त शिजली तर लगदा होतो. लोक काडी टोचून बघतात. आबा वाफेत नाक धरायचे आणि म्हणायचे, "उतरवा." ते कधी चुकले नाहीत, निदान त्यांच्या मते. फाल्गुन लागला की दहा-बारा गावं त्यांना बोलवायची. सोबत जाळ सांभाळायला परसराम, डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. चाळीस वर्षं हे दोघे एका काहिलीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना शिव्या घालत आले. एकाने जाळ जास्त झाला म्हणायचं आणि दुसऱ्याने तुझं नाक बुजलंय म्हणायचं. मी परकरात असताना हा कार्यक्रम बघायला जायची. लोक सिनेमाच्या नटाचे फॅन असतात, मी केशवआबांची होते. म्हणून माझं पहिलं फॅन आर्ट त्यांचंच.

मन लावून काढलं. पेन्सिलीत, काळं-पांढरं. डोक्याला पागोटं, नजर सरळ समोर, चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मोजून. एका सकाळी फोनवर टाकलं. खाली नुसतं लिहिलं, 'आमचे केशवआबा, कुरुंदा', आणि आदर म्हणून हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. वर दोन फुलंही. मग फोन पिशवीत घालून मंडईत गेले.

वाचकांपैकी जे आमच्या बाजूचे आहेत त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. म्हाताऱ्या माणसाचा काळा-पांढरा चेहरा, खाली नाव-गाव, जोडलेले हात आणि फुलं. याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. मंडईतून परत येऊन फोन बघितला तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागलेली. एकाने लिहिलं होतं, हळदीचा सुगंध हरपला. एकाने माझंच चित्र कापून, भोवती पणत्या लावून पुढे पाठवलं होतं. मी ते सगळं खात्यावरून पुसून टाकलं, पण पुसलेलं चित्र इतर दोनशे फोनांत निवांत बसलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिली मिळेल ती एसटी धरली.

इकडे कुरुंद्यात आबा न्हाव्याकडून दाढी करून घरी आले, तेव्हा ओट्यावरचा फोन वाजत होता. परसराम होता. पुढचं मला आबांनीच नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे असल्यासारखं ते मला आठवतं.

"कोण? दत्ता का?" परसरामने विचारलं. दत्ता म्हणजे आबांचा मुलगा.

"अरे मी हाय."

"व्हय रे लेकरा, तूच हायस. आवाज अगदी बापावर गेलाय रे तुझा," असं म्हणून परसराम हुंदका देऊन रडला आणि फोन ठेवून निघालाच.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद, जवळचे लोक पिठलं-भाकरी घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. परसरामची बायको जमनाबाई हिने रडत रडत पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, टोपलं बांधलं आणि अख्खा टेम्पो भरून माणसं घेऊन ही मंडळी कुरुंद्यात आली. रिवाजाप्रमाणे बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. आणि दारात आबा उभे. खांद्यावर टॉवेल, गालाला तुरटी.

जमनाबाईंचा सूर इतका वर गेला होता की तो लगेच थांबेना. त्या आबांकडे बघत आबांसाठीच रडत राहिल्या. परसराम मात्र मटकन ओट्यावर बसला आणि त्याने आबांना जी पहिली शिवी दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मी पोचले तेव्हा रडणं संपून भांडण सुरू झालं होतं. भांडणाचा विषय मी नव्हते, टोपलं होतं. कडू घास परत न्यायचा नसतो. आणि जित्या माणसाच्या घरात तो कुणी खायचा नसतो. टोपलं अंगणाच्या मधोमध आणि भोवती सगळे चार हात लांब, जणू आत विंचू आहे. कुणी म्हणे नदीत सोडा, कुणी म्हणे गाईला घाला, तर गाईचा मालक म्हणे माझ्याच गाईला काहून.

गोदाकाकू, म्हणजे आबांची बायको, पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसल्या होत्या. मला वाटलं रडतात. जवळ गेले तर हसत होत्या.

शेवटी आबा म्हणाले, "कुणाच्या नावानं आलंय हे?"

सगळ्यांनी टोपल्याकडे बघितलं.

"माझ्याच ना? मंग इकडं आणा. नशीबवान हाय मी. हे खायला मिळत न्हाई कुणाला."

दत्ता ओरडला, "बाबा, अवलक्षण करू नका."

"अवलक्षण तर कवाच झालंय, हिंगोलीहून आलंय एसटीनं," माझ्याकडे हात करून आबा म्हणाले आणि मांडी घालून बसले. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. सगळा गाव श्वास धरून बघत होता. आबांनी सावकाश चावलं आणि म्हणाले,

"मीठ कमी हाय."

जमनाबाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. "रडता रडता राहिलं जी, भाऊजी."

"माणूस मेला म्हून मीठ बी वाचवतेत व्हय तुमच्याकडं, परसराम?"

मग जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. मला माफी मागायची होती, पण आबा एक गाल फुगलेला तसाच ठेवून माझ्यावर गुरगुरले, "बघती काय? काढ आता. ह्याला म्हणायचं जित्या माणसाचं चित्र."

मी तिथेच बसून काढलं. फुगलेला गाल, हातातली भाकरी, मिशीला लागलेलं पिठलं. मागची भिंत त्यांच्याच घरच्या हळदीने पिवळी केली. काढून झाल्यावर आबांनी ते निरखलं, आणि चुन्याचा अंगठा मुद्दाम कोपऱ्यात दाबला. लाल ठसा उमटला. म्हणाले, "सही झाली." मग आवाज खाली करून म्हणाले, "पोरी, म्होरच्या बारीला बी हेच टाकायचं बरं का. खरंच जाईन तवा. ते काळं तोंड पुन्यांदा न्हाई टाकायचं. कबूल?"

मी कबूल केलं. अशा गोष्टी कबूल करताना माणूस विचार करत नाही. चित्र त्यांनी ओसरीतल्या भिंतीवर लावलं. जित्या माणसाचं चित्र भिंतीवर नको म्हणून दत्ता कुरकुरला, पण ऐकतो कोण.

माझं मात्र अवघड झालं. मॅडमनी चित्र काढलं की माणूस जातो, अशी माझी ख्याती झाली. जे चेहरे मी हौसेने काढायची ते मला बघून पदराआड जाऊ लागले. एका रिटायर मास्तरांनी ठरलेली बैठक रद्द केली. निरोप पाठवला, अजून पेन्शन चालू आहे. दोन-तीन महिने मी नुसते बैल काढले. शेवटी आबांचाच तोडगा वापरला. मी माणसं खाताना काढू लागले. मास्तरांच्या हातात पेरू दिला, एका आजीच्या तोंडात बोरं घातली, आणि लोक परत आले. भरल्या तोंडाच्या माणसाला श्रद्धांजली वाहायचं धाडस कुणाला होत नाही. आता तीच माझी ओळख आहे. पुण्याच्या एका मुलाने माझ्या चित्रांमधल्या भुकेबद्दल फोनवर भलामोठा लेख लिहिला. तो मी दोनदा वाचला, कळला नाही, खाली पसंतीचा अंगठा टाकला. हात जोडायचं चिन्ह मी तेव्हापासून वापरत नाही.

आबांना मात्र या प्रकरणाचा चस्काच लागला. महिन्या-दोन महिन्यांनी ते परसरामला फोन करायचे. आवाज घोगरा करून म्हणायचे, "काका, दत्ता बोलून राहिलो. बाबा गेले हो." पहिल्यांदा परसराम फसला, अर्ध्या वाटेवरून परतला. नंतर तो तिकडून म्हणायचा, "मंग जाळा लवकर, वास सुटंल." दोघेही खूप हसायचे. मीही हसले आहे. तेव्हा ते फार मजेचं वाटायचं.

गेल्या पौषात सकाळी दत्ताचा फोन आला. आवाज अगदी बापासारखा. मी म्हटलं, "आबा, चावटपणा पुरे." पलीकडून आलं, "ताई, दत्ताच हाय मी." मग मला कळलं.

शब्द दिला होता, त्याप्रमाणे मी जेवतानाचं चित्र टाकलं. खाली स्पष्ट लिहिलं की केशवआबा आज पहाटे गेले, दुपारी माती आहे. आणि एसटीत बसले. वाटेत फोन बघितला तर हसरे चेहरेच हसरे चेहरे. 'आबा, सावकाश खा.' 'आबा, आम्हाला एक घास ठेवा.' 'मॅडम, या बारीला आम्ही फसत नाही.' मी एकेकाला लिहीत होते की खरं आहे, खरं आहे. त्यावर ते आणखी हसत होते.

घरी पोचले तर गावची माणसं जमली होती, पण बाहेरगावचं कुणी नव्हतं. ज्या दहा-बारा गावांची हळद आबांनी उतरवली, त्यांतलं एकही माणूस नाही. दत्ताचे डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, परसरामकाकाला तीनदा फोन लावला. माझा आवाज ऐकला की म्हणतेत, केशव, आता नवं काही काढ. अन् ठेवून देतेत. आता उचलतच न्हाईत."

आबांच्या काहिलीखाली चाळीस वर्षं जाळ घालणारा माणूस डोंगरकड्याला बसून हसत होता, आणि इथे लोक उन्हाकडे बघून किती थांबायचं असं विचारत होते.

दत्ता म्हणाला, "ते पहिलं टाका ना. काळं-पांढरं. ते बघितल्यावर येतील सगळे."

खरं होतं. ते चित्र माझ्या फोनात होतंच. नजर समोर, पागोटं, सुरकुत्या. हात जोडायचे आणि फुलं टाकायची, अर्ध्या तासात टेम्पो निघाले असते. दिलेल्या शब्दाचं काय, गेलेल्या माणसाला शेवटची माणसं मिळण्यापुढे शब्द कसला. मी ते चित्र उघडलं. तेवढ्यात गोदाकाकू आबांच्या उशापासून उठून आल्या. फोनात डोकावल्या.

"हे न्हाई टाकायचं."

"काकू, कुणी खरं मानत नाही हो. जेवताना दिसतात ना ते."

"मंग? जेवत्या माणसाला उठवतेत का कधी?" त्या म्हणाल्या. "मी बोलते. कुठं बोलायचं ह्यात?"

मी बटण दाबून फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. काकू आयुष्यात कधी फोनवर चार शब्दांच्या वर बोलल्या नव्हत्या. घसा खाकरून म्हणाल्या, "मी गोदा बोलून राहिले. आबा गेले. चेष्टा न्हाई ही. परसरामभाऊ, चेष्टा करणारा गेला. या आता." आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा आबांपाशी जाऊन बसल्या.

ते मी सगळीकडे पाठवलं. कुणीही हसरा चेहरा टाकला नाही. तासाभरात गाड्या येऊ लागल्या. परसराम सगळ्यात आधी आला, मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून, एका पायात चप्पल. आबांच्या पायांशी बसला आणि त्यांना हलवून म्हणाला, "केशव, एकदा तरी खरं बोलायचं रे मला." मग त्यानेच खांदा दिला, आणि चितेला जाळ कुठून द्यायचा तेही दत्ताला त्यानेच दाखवलं. त्या दिवशी त्याला जाळ जास्त झाला म्हणणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी टोपली आली. शेजारच्यांची आली, आणि टेम्पोतून जमनाबाईंचीही. गोदाकाकूंनी जमनाबाईंचंच टोपलं पुढे ओढलं. परसराम जेवायला तयार नव्हता. काकूंनी त्याच्या हातात भाकरी दिली आणि म्हणाल्या, "मागच्या बारीला त्यांनी एकट्यानं खाल्लं. आज तुमी बसा." मलाही बसवलं. आम्ही ओसरीत, त्या चित्राखालीच बसलो होतो. चित्रातल्या पिवळ्या भिंतीचा रंग थोडा उडाला होता, आबांच्या अंगठ्याचा ठसाही विटला होता. हळदीचा हात पुन्हा द्यायला हवा, असं मनात आलं.

मी पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. परसरामने माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. जमनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना कळलंच होतं. आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच वर भिंतीकडे बघितलं. बोलून दाखवणारा तिथे होता, पण त्याचं तोंड भरलेलं होतं.